पुस्तकांच्या काउंटरवर चाचणीचे किट

कोविडचे घरगुती चाचणी किट सार्वजनिक ग्रंथालयांतून मोफत वाटण्याची पद्धत अमेरिकेत २०२१ मध्ये रुजली आणि त्या वर्षाच्या अखेरीस ओमिक्रॉनची लाट आली तेव्हा ती देशभर पसरली. किट बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या, पैसे राज्याचे किंवा केंद्राचे, सूचना आरोग्य खात्याच्या. ग्रंथालयाकडे काम एवढेच, की आलेली खोकी उतरवून घ्यायची आणि येईल त्याच्या हातात एक पाकीट द्यायचे. काम दिसायला किरकोळ. पण साथीच्या दिवसांत सरकारी यंत्रणांना सर्वांत जड गेले ते हेच. चाचणी तयार करता येत होती, विकत घेता येत होती. ती लाखो घरांत वेळेवर, पैसे न घेता आणि नको ते प्रश्न न विचारता पोहोचवणारी जागा सापडत नव्हती.

घरी करायची ही तपासणी म्हणजे रॅपिड अँटिजेन टेस्ट. आरटी-पीसीआर विषाणूचा जनुकीय अंश शोधते. तिला प्रयोगशाळा लागते, यंत्र लागते आणि अहवाल हाती यायला एक-दोन दिवस, गर्दीच्या काळात त्याहून जास्त. अँटिजेन टेस्ट विषाणूचे प्रथिन शोधते आणि त्यासाठी नायट्रोसेल्युलोजची एक पातळ पट्टी पुरते. नाकातला स्राव द्रावात मिसळून पट्टीच्या एका टोकाला लावला की तो टीपकागदावर शाई पसरावी तसा पुढे सरकतो. वाटेत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना जोडलेली प्रतिपिंडे असतात. विषाणूचे प्रथिन असेल तर ती त्याला चिकटतात, पुढे एका ठरावीक जागी अडकतात आणि तिथे गुलाबी-जांभळी रेघ उमटते. दुसरी रेघ नियंत्रणाची. द्राव पट्टीभर नीट पोहोचला, एवढेच ती सांगते. ती उमटली नाही तर चाचणी बाद, मग पहिल्या रेघेचे काहीही होवो. गर्भधारणेची घरगुती चाचणी कित्येक वर्षे याच तत्त्वावर चालत आली आहे. म्हणजे तंत्र नवे नव्हते; सामान्य माणसाने संसर्गजन्य रोगाचे निदान स्वतःच्या घरी करावे, ही परवानगी नवी होती.

ती परवानगी अडखळतच मिळाली. माणसे स्वॅब नीट फिरवणार नाहीत, रेघ चुकीची वाचतील आणि पॉझिटिव्ह आले तरी कोणाला कळवणार नाहीत, अशा शंका होत्या आणि त्यातली शेवटची तर पुढे खरीच ठरली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, १७ नोव्हेंबर २०२० रोजी पहिल्या घरगुती चाचणीला मान्यता दिली. पण तिला डॉक्टरांची चिठ्ठी लागत होती. १५ डिसेंबर २०२० रोजी एल्यूम कंपनीच्या चाचणीला चिठ्ठीशिवाय विक्रीची मुभा मिळाली. दुसऱ्याच दिवशी अॅबट कंपनीच्या बायनॅक्स-नाऊ या चाचणीला घरगुती वापराची परवानगी आली, तीही अटीवर: चिठ्ठी हवी आणि चाचणी करताना ईमेड या सेवेचा प्रशिक्षित माणूस व्हिडिओवर समोर हवा. ३१ मार्च २०२१ नंतर या अटी नसलेले किटही दुकानात मिळू लागले.

ग्रंथालयांतल्या वाटपात ओहायो राज्य आघाडीवर होते. गव्हर्नर माइक डिवाइन यांच्या सरकारने २०२१ च्या सुरुवातीला बायनॅक्स-नाऊची सुमारे २० लाख घरगुती किट घेण्याचे ठरवले. ती स्थानिक आरोग्य विभागांकडे गेली आणि थोड्याच दिवसांत ग्रंथालयांच्या शाखांतही. ओहायोने घेतलेली किट व्हिडिओवरच्या देखरेखीची होती. याचा फायदा असा, की निकालाला अधिकृत दाखल्याचे वजन येई आणि तो आरोग्य खात्याकडेही पोहोचे. तोटाही उघड होता: इंटरनेट आणि कॅमेऱ्याचा फोन किंवा संगणक नसलेल्या माणसाला ते खोके निरुपयोगी. अशा माणसांची संख्या अमेरिकेत वाटते तितकी कमी नाही, हे ग्रंथालयांइतके दुसऱ्या कोणाला माहीत नसेल. नोकरीचा अर्ज भरायला, सरकारी फॉर्म छापायला ती माणसे रोज तिथेच येतात.

बायनॅक्स-नाऊचे खोके उघडले की आत फारसे काही नसते. पुस्तकासारखे दुमडलेले जाड पुठ्ठ्याचे एक कार्ड, कागदी वेष्टनात एक स्वॅब, द्रावाची छोटी बाटली आणि सूचनांचा कागद. कार्ड टेबलावर आडवे ठेवायचे; ते हातात धरून काम करायचे नसते. वरच्या भोकात द्रावाचे सहा थेंब, भोकाला बाटली न टेकवता. मग स्वॅब नाकपुडीत अर्धा ते पाऊण इंच आत घालून कडेने किमान पाच वेळा गोल फिरवायचा, एका नाकपुडीला पंधरा सेकंद तरी; दुसऱ्या नाकपुडीत पुन्हा तेच. स्वॅब खालच्या भोकातून वर सरकवायचा, टोक वरच्या भोकात दिसले की उजवीकडे तीन वेळा फिरवायचा, चिकटपट्टीवरचा कागद काढायचा आणि कार्ड मिटवायचे. पंधरा मिनिटांनी खिडकीत पाहायचे, तीस मिनिटांनंतर नाही. लोकांच्या चुका ठरलेल्या: स्वॅब नाकात नुसता टेकवणे आणि पाच मिनिटांत निकाल पाहून कार्ड फेकून देणे. फिकट रेघेकडे दुर्लक्ष करणे हीदेखील नेहमीची चूक. रेघ कितीही पुसट असली तरी निकाल पॉझिटिव्ह असतो.

हे काम ग्रंथालयांकडेच का आले? अमेरिकेत सुमारे ९,००० सार्वजनिक ग्रंथालय संस्था आहेत आणि शाखा व फिरती वाहने धरली तर ठिकाणे होतात १७,००० च्या आसपास. ती बहुतेक स्थानिक करांवर चालतात, म्हणजे शहर किंवा काउंटी या स्थानिक प्रशासनाशी त्यांचे नाते घरचे असते. आरोग्य विभागाला त्यांच्याशी नवा करार करत बसावे लागत नाही. बऱ्याचदा पगार देणारा मालक एकच असतो. इमारतीला पार्किंग असते, दार रस्त्यालगत असते, कित्येक शाखा संध्याकाळी आणि शनिवारीही उघड्या असतात. आणि आत येणाऱ्याला कोणी विचारत नाही की तुमचा विमा कोणता. औषधाच्या दुकानात, दवाखान्यात, सरकारी कचेरीत हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. अमेरिकेत स्थलांतरितांना, विशेषतः कागदपत्रे नसलेल्यांना, सरकारी दारात जाताना जी धास्ती वाटते ती ग्रंथालयाच्या दारात कमी वाटते.

गोपनीयतेची सवय हा आणखी एक भाग, आणि तो सहसा लक्षात घेतला जात नाही. कोणी कोणते पुस्तक नेले हे बाहेर सांगायचे नाही, हा तिथल्या ग्रंथपालांचा जुना दंडक. ५० पैकी ४८ राज्यांत वाचकांच्या नोंदींना कायद्याने संरक्षण आहे. असल्या शिस्तीत वाढलेल्या कर्मचाऱ्याला किट देताना कोण आजारी आहे, हे विचारण्याची इच्छाच होत नाही. पुष्कळ ठिकाणी ग्रंथालयाचे कार्डही मागितले जात नसे. एका माणसाला किंवा एका घराला किती, एवढीच मर्यादा असे.

पुस्तकांपलीकडची कामे या संस्थांना तशी नवी नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००९ मध्ये पूर्णवेळ समाजसेविका नेमली, कारण बेघर माणसे दिवसभर तिथेच बसत. फिलाडेल्फियातल्या मॅकफर्सन स्क्वेअर शाखेतले कर्मचारी २०१७ मध्ये बातम्यांत आले ते अफूजन्य औषधांच्या अतिसेवनाने बाहेरच्या हिरवळीवर कोसळलेल्या माणसांना नॅलोक्सोन देऊन वाचवल्यामुळे. कोविड आला तेव्हा मात्र पहिली पाळी दारे बंद करण्याची होती. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने मार्च २०२० च्या मध्यावर तशी शिफारस केली. पुस्तकांतून विषाणू पसरतो का, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून ओसीएलसी ही ग्रंथालय सहकारी संस्था आणि बॅटेल ही संशोधन संस्था यांनी, दोन्ही ओहायोतल्याच, पुठ्ठ्याची आणि कापडी बांधणीची पुस्तके, डीव्हीडीच्या डब्या यांवर विषाणू किती दिवस टिकतो याच्या चाचण्या केल्या. परत आलेली पुस्तके कित्येक दिवस वेगळी ठेवून मगच कपाटात जात. त्या काळात फोनवर मागणी घेऊन, पिशवी भरून, बाहेरच्या टेबलावर ठेवून वाचकाला नेऊ देण्याची पद्धत सगळीकडे बसली. वर्षभराने किट आले तेव्हा पुस्तकाच्या जागी किट ठेवायचे, इतकाच फरक करावा लागला. गाडीतून फोन करायचा, मास्क लावलेला कर्मचारी बाहेर येणार, खिडकीतून पाकीट देणार.

२०२१ च्या उन्हाळ्यात मागणी बेताची होती. लस आली होती, साथ संपल्यात जमा, असे वातावरण होते. मागणी घटल्यामुळे उत्पादनही आटोपते घेतले गेले. व्हर्जिनियाच्या आरोग्य विभागाने शरद ऋतूत ग्रंथालयांबरोबर स्टॅक या आद्याक्षरी नावाचा कार्यक्रम सुरू केला, ओहायोसारखाच व्हिडिओवरच्या चाचणीचा. दुकानात दोन चाचण्यांचे खोके तेव्हा २४ डॉलरच्या आसपास पडे; मोठ्या साखळी दुकानांनी सरकारशी बोलून काही काळ ते १४ डॉलरला दिले, पण ती सवलत डिसेंबरअखेर संपली. चार माणसांच्या घरात प्रत्येकाची दोनदा चाचणी करायची तर शंभर डॉलरला चाट. किमान वेतनावर राबणाऱ्याच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने ओमिक्रॉनला २६ नोव्हेंबर २०२१ रोजी चिंताजनक प्रकार म्हणून जाहीर केले आणि अमेरिकेतला पहिला रुग्ण १ डिसेंबरला सापडला. तीन आठवड्यांत नाताळच्या तोंडावर साऱ्या देशाला एकाच वेळी चाचणी हवी झाली. आजीच्या घरी जाण्यापूर्वी, विमानात बसण्यापूर्वी, शाळा उघडण्यापूर्वी. औषधाच्या दुकानांतल्या फळ्या रिकाम्या पडल्या. वॉशिंग्टन शहराच्या महापौर म्युरिएल बाउझर यांनी २२ डिसेंबरपासून शहरातल्या आठ ग्रंथालयांत रॅपिड किट मोफत ठेवली. माणशी मर्यादा होती, पुढे शहराचे रहिवासी असल्याचा पुरावाही मागितला जाऊ लागला. शेजारच्या मेरिलँड आणि व्हर्जिनियातून रोज लाखो माणसे या शहरात कामाला येतात, हे लक्षात घेतले तर त्यात नवल नाही. निकाल शहराच्या संकेतस्थळावर नोंदवावा, अशी विनंती किटबरोबर होती. सुटी संपून शाळा भरताना सरकारी शाळांतल्या मुलांना वर्गात येण्याआधी निगेटिव्ह निकाल दाखवणे सक्तीचे केले गेले आणि मागणीत आणखी भर पडली. मेरिलँडच्या माँटगोमेरी काउंटीने ग्रंथालयांतून किट आणि पाठोपाठ एन-९५ मास्क वाटले. न्यूयॉर्कमध्ये न्यूयॉर्क, ब्रुकलिन आणि क्वीन्स या तिन्ही ग्रंथालय संस्था २०२२ मध्ये या कामात आल्या. मिशिगननेही त्याच वर्षी काही शाखांपासून सुरुवात करून जाळे वाढवले.

ओहायोत मात्र याच सुमारास उलटे घडले. ज्या राज्याने इतक्या आधी साठा केला तिथेच ग्रंथालयांचे फोन वाजत राहिले आणि खोकी संपली. जानेवारी २०२२ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने उरलेली किट शाळा-महाविद्यालयांना आधी द्यायचे ठरवले आणि ग्रंथालयांचा पुरवठा काही काळ थांबवला. निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. शाळा बंद पडल्या की आईबापांची नोकरीही अडते. पण दारावर आलेल्या माणसाला ‘नाही’ सांगण्याचे काम पुन्हा ग्रंथालयाच्याच वाट्याला आले.

केंद्र सरकारची हालचाल मात्र उशिरा सुरू झाली. ६ डिसेंबर २०२१ रोजी व्हाइट हाउसच्या पत्रकार परिषदेत, चाचण्या सर्वांना फुकट का देत नाही, असे विचारले गेले तेव्हा प्रवक्त्यांनी ती कल्पना जवळपास थट्टेवारी नेली. दोन आठवड्यांनी, २१ डिसेंबरला, राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी ५० कोटी चाचण्या टपालाने घरोघर पाठवण्याची घोषणा केली आणि जानेवारीत तो आकडा १०० कोटींवर नेला. मागणी नोंदवण्याचे संकेतस्थळ १८ जानेवारी २०२२ रोजी उघडले. दर घराला चार चाचण्या, आणि नोंदणीनंतर सात ते बारा दिवसांत रवानगी. देशातल्या रोजच्या नव्या रुग्णांची सरासरी आठ लाखांच्या आसपास जाऊन लाट कळसाला पोहोचली ती जानेवारीच्या मध्यावर. म्हणजे पाकिटे घरी पडली तोवर कित्येक शहरांत लाट ओसरायला लागली होती. वरातीमागून घोडे यालाच म्हणतात. शिवाय घर मोजून चार, माणसे मोजून नव्हे. एका छताखाली आठजण राहणाऱ्या कुटुंबालाही चारच. मोठ्या इमारतीतल्या एका बिऱ्हाडाने नोंदणी केली की त्याच पत्त्यावरच्या दुसऱ्याला नकार मिळण्याचे प्रकार सुरुवातीला झाले. ज्याला पत्ताच नाही त्याचा तर प्रश्नच नव्हता. जवळच्या शाखेत चालत जाऊन पाकीट आणण्याच्या पद्धतीत यांतली बहुतेक विघ्ने नव्हती. खासगी विमा कंपन्यांनी महिन्याला माणशी आठ चाचण्यांचा खर्च द्यावा, हा नियम १५ जानेवारीपासून लागू झाला, पण तो विमा असणाऱ्यांपुरता, आणि तेही बऱ्याचदा आधी खिशातून पैसे भरून मग पावत्या जोडण्याच्या तयारीवर.

ग्रंथालयांच्या कौतुकात एक बाजू मात्र झाकली जाते. किट नेणारा माणूस अनेकदा आजारी असतो, किंवा आजारी असल्याची त्याला शंका असते. म्हणून तर तो आलेला असतो. लाट ऐन भरात असताना अशा माणसांशी दिवसभर समोरासमोर येण्याचे काम ज्यांच्यावर आले ते आरोग्य कर्मचारी नव्हते. त्यांना त्या कामाचे प्रशिक्षण नव्हते, जोखमीचा भत्ता नव्हता. न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये कर्मचारी आजारी पडल्यामुळे काही शाखा तात्पुरत्या बंद ठेवाव्या लागल्या. लोकांचा रागही त्यांनीच झेलला. साठा किती येणार, कधी येणार, हे वरून कळत नसे; फोनवर मात्र उत्तर द्यावे लागे. बाहेरून किट देणे, पाकिटे आधीच भरून ठेवणे, ‘किट संपली’ अशी पाटी दारावर आणि संकेतस्थळावर लगेच लावणे, असे साधे उपाय ज्यांनी केले तिथे गोंधळ कमी झाला. संकटात हाकेला धावून येणाऱ्या संस्थेला गृहीत धरण्याची खोड सरकारांना सगळीकडेच असते. अमेरिकन रेस्क्यू प्लॅन या २०२१ च्या कायद्याने ग्रंथालय-संग्रहालयांच्या केंद्रीय संस्थेला २० कोटी डॉलर दिले खरे. पण काउंटरवर उभ्या माणसाला जादा हात मिळाला का, हा हिशेब शाखाशाखांवर वेगळा होता.

चाचणीच्या मर्यादा समजावून सांगण्याचे कामही नकळत याच काउंटरवर आले. ओमिक्रॉन अँटिजेन टेस्टमध्ये सापडतो, पण पकडण्याची क्षमता थोडी कमी असू शकते, असे एफडीएने डिसेंबर २०२१ च्या अखेरीस सांगितले. संसर्गाच्या पहिल्या दिवसांत निगेटिव्ह येण्याची शक्यता बरीच असते. म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये एफडीएने शिफारस बदलली: लक्षणे असतील तर ४८ तासांच्या अंतराने निदान दोन चाचण्या, नसतील तर तीन. एका घराला एकच किट देणाऱ्या शाखांना हा हिशेब जमणे कठीण होते.

किट ठेवण्याचेही नियम होते. बहुतेक किट २ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची. उत्तरेकडच्या राज्यांत जानेवारीत दाराबाहेरच्या टेबलावर किंवा गाडीत विसरलेले किट सहज गोठते. गोठलेले किट सरळ वापरायचे नसते, घरात आणून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचे असते. मुदतीचा घोळ त्याहून मोठा. ही किट घाईने बाजारात आली तेव्हा ती किती दिवस टिकतात याची माहितीच अपुरी होती, म्हणून खोक्यावर मुदत थोडी छापली गेली. पुढे माहिती जमली तशी एफडीएने अनेक किटांची मुदत टप्प्याटप्प्याने वाढवली. परिणामी मुदत उलटलेली दिसणारी पण चालणारी खोकी शाखांत पडून राहिली आणि मुदत वाढल्याची चिठ्ठी जोडून ती वाटावी लागली. चिठ्ठी असूनही काहीजण ती हातात घेत नसत, आणि त्यांना दोष देता येत नाही. काही किटांच्या द्रावात सोडियम अझाइड हे विषारी रसायन अगदी थोड्या प्रमाणात असते. बाटली डोळ्यांत घालायच्या थेंबांसारखी दिसते, म्हणून ती मुलांपासून आणि औषधांच्या डब्यापासून दूर ठेवा, असा इशाराही देण्यात आला.

घरच्या घरी झालेल्या चाचण्यांनी एक जुनी सोय मोडली: रोजचा आकडा. प्रयोगशाळेतला प्रत्येक निकाल आपोआप सरकारकडे जात असे. स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा निकाल जाईलच असे नाही. मोकळेपणाने दिलेले किट आणि पूर्ण नोंद या दोन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. देखरेखीची चाचणी नोंद देते, पण कित्येकांना दारातूनच परत पाठवते. विनाअट किट सर्वांपर्यंत पोहोचते, पण निकाल घरातच राहतो. अमेरिकेने अखेर दुसरा मार्ग पत्करला आणि साथीचा अंदाज सांडपाण्यातला विषाणू मोजून आणि रुग्णालयांतल्या भरतीवरून बांधायला सुरुवात केली. लोकांनी निनावी निकाल कळवावा म्हणून नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने नोव्हेंबर २०२२ मध्ये संकेतस्थळ काढले, पण तोवर निकाल कळवण्याची लोकांची सवय सुटली होती.

इंग्लंडमध्ये हेच काम जास्त एकसंध रीतीने झाले. ९ एप्रिल २०२१ पासून तिथे प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा मोफत चाचणी उपलब्ध होती. सात चाचण्यांचे खोके औषधाच्या दुकानातून, टपालाने, आणि अनेक ठिकाणी स्थानिक परिषदांच्या ग्रंथालयांतूनही मिळे. पैसे केंद्राचे, योजना एकच, त्यामुळे शाखाशाखांतला फरक कमी. १ एप्रिल २०२२ पासून बहुतेकांसाठी ही सोय बंद झाली.

महाराष्ट्राशी या विषयाचा धागा किटपुरता आहे, ग्रंथालयापुरता नाही. भारतातली पहिली घरगुती चाचणी, कोव्हिसेल्फ, पुण्याच्या मायलॅब कंपनीची. तिला मे २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, मान्यता मिळाली आणि किंमत ठरली २५० रुपये. निकाल मोबाइल अॅपवर नोंदवणे अपेक्षित होते. जानेवारी २०२२ च्या लाटेत मुंबईत नोंदीचा तोच पेच उभा राहिला, आणि महापालिकेने किट विकणाऱ्या वितरकांना व औषध दुकानदारांना विक्रीची माहिती देण्यास सांगितले. म्हणजे इकडे मार्ग दुकानाचा होता आणि पैसे ग्राहकाचे. १९६७ च्या कायद्याखाली राज्यात हजारो शासनमान्य ग्रंथालये आहेत, काही तर फार लहान गावांत. पण ती स्थानिक संस्था-मंडळे अनुदानावर चालवतात, नगरपालिकेचे किंवा आरोग्य खात्याचे हात म्हणून नव्हे. एक-दोन कर्मचारी आणि तुटपुंजे मानधन या बळावर चालणाऱ्या वाचनालयावर असे काम टाकायचे तर आधी त्याला माणूस आणि पैसा द्यावा लागेल.

अमेरिकेतली कोविडची आरोग्य आणीबाणी ११ मे २०२३ रोजी संपली. विमा कंपन्यांवरची सक्ती त्याबरोबर गेली आणि राज्यांचे साठे आटत गेले तसे ग्रंथालयांतले वाटपही बहुतेक ठिकाणी थांबले. काही शाखांनी उरलेली किट मुदत संपेपर्यंत दाराशी ठेवली. काउंटरवरची जागा मात्र रिकामी राहिली नाही. नॅलोक्सोनच्या नाकात मारायच्या फवाऱ्याला मार्च २०२३ मध्ये चिठ्ठीशिवाय विक्रीची मान्यता मिळाली, आणि आज तो कित्येक शाखांत फुकट मिळतो. घरातला रेडॉन वायू मोजण्याचे यंत्र आणि रक्तदाब मोजण्याचे साधनही काही शाखांतून ग्रंथालयाच्या कार्डावर उसने नेता येते.